घरगुती पाळणाघर: नोकरी करणाऱ्या आयांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

मोठ्या शहरात घर एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या टोकाला आणि बाळ तिसऱ्याच घरी, अशी कसरत रोज करणाऱ्या आया हे प्रश्न विचारत असतात. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागत असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरगुती पाळणाघर म्हणजे नेमकं काय? संस्थेच्या पाळणाघरापेक्षा ते कुठे वेगळं पडतं?

एखादी बाई आपल्या राहत्या घरात चार-पाच मुलं दिवसभर सांभाळते, ते घरगुती पाळणाघर. वेगवेगळ्या वयाची मुलं तिथे एकत्र असतात आणि बाळाला दिवसभर एकच ओळखीचा चेहरा दिसतो. संस्थेत वयाप्रमाणे खोल्या असतात आणि एक जण आली नाही तर तिच्या जागी दुसरी उभी राहते. घरगुती ठिकाणी सगळं एका माणसावर चालतं. तिची तब्येत, तिचा थकवा, तिच्या घरातली माणसं, तिच्या अडीअडचणी हे सगळं तुमच्या बाळाच्या दिवसाचा भाग होतं. त्यामुळे घर बघायला जाल तेव्हा त्या माणसाचा दिवस कसा जातो तेही बघायचं असतं. नोंदणीचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात; तुमच्याकडे परवाना लागत असेल तर तो प्रत्यक्ष दाखवायला सांगा.

२. बाकीच्या नोकरी करणाऱ्या आयांचं काय मत आहे? त्या समाधानी असतात का?

घरगुती पाळणाघर निवडण्याची कारणं सगळ्या जवळपास सारखीच सांगतात. ते घराजवळ असतं, मुलं कमी असतात, वेळेत थोडं मागेपुढे चालतं आणि बाळ कोणाच्या हातात आहे हे नक्की ठाऊक असतं. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या आयांना तर दुसरा पर्याय बहुधा मिळतच नाही, कारण संस्थेचं दार ठरल्या वेळी बंद होतं.

तक्रारी सुरू होतात चार-सहा महिन्यांनी. अचानक सुट्टी, दुपारभर चालू असलेला टीव्ही, न सांगता वाढलेली मुलांची संख्या. पण या सगळ्यांहून जास्त ऐकू येतं ते म्हणजे ‘बोलता येत नाही’. आपलं मूल तिच्या ताब्यात आहे, काही बोललं आणि तिने राग मुलावर काढला तर, ही भीती फार आयांच्या मनात असते. त्यामुळे बारीक गोष्टी साठत जातात आणि एक दिवस एकदम भांडण होऊन पाळणाघर सुटतं. यावर उपाय म्हणून आठवड्यातून एकदा, मूल हातात नसताना, दहा मिनिटं बोलण्याची वेळ पहिल्या दिवशीच ठरवून घ्या. दारात चप्पल घालता घालता केलेली सूचना टोमण्यासारखी लागते. तीच गोष्ट ठरलेल्या वेळी बसून सांगितली की ती कामाची गोष्ट वाटते.

३. दिवसभर दुसरीकडे राहिल्याने बाळ माझ्यापासून दुरावेल का? ते मावशींच्या गळ्यात पडतं तेव्हा फार वाईट वाटतं.

अमेरिकेत १९९१ मध्ये एनआयसीएचडी या बालआरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १,३०० हून अधिक मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. मूल दुसऱ्याच्या देखरेखीत आहे एवढ्याने आईशी असलेलं त्याचं नातं कच्चं होत नाही, असं त्यात दिसलं. मुलाच्या वाढीवर घरातल्या वातावरणाचा परिणाम सांभाळणाऱ्या जागेपेक्षा जास्त दिसला. सांभाळ हलक्या दर्जाचा असेल आणि आईकडूनही मुलाच्या हाकेला प्रतिसाद कमी मिळत असेल, तर मात्र धोका वाढतो. फार लांब तास बाहेर राहिलेल्या मुलांमध्ये चिडचिड किंचित जास्त दिसली, म्हणून तास कमी करता येत असतील तर जरूर करा.

बाळाने मावशींना बिलगणं हे चांगलं लक्षण आहे. त्याला दिवसभर आधार मिळतो आहे, असा त्याचा अर्थ. मावशींनाच ‘आई’ म्हणालं तर रागावू नका, ‘ही मावशी, मी आई’ एवढं शांतपणे म्हणा. घरी आल्यावर पहिली वीस मिनिटं फोन, स्वयंपाक, कपडे सगळं बाजूला ठेवून फक्त बाळाजवळ बसा. संध्याकाळची निम्मी किरकिर त्यानेच कमी होते.

४. किती महिन्यांचं झाल्यावर ठेवावं?

आदर्श असं एक वय नाही. पण साधारण ८ ते १८ महिन्यांच्या काळात मुलं अनोळखी माणसाला सगळ्यात जास्त घाबरतात. त्या वयात सुरू करणार असाल तर रुळवायला दुप्पट वेळ धरा (प्रश्न ९). ३ महिन्यांपेक्षा लहान बाळाला साधा ताप आला तरी त्याच दिवशी डॉक्टर लागतो, हे सांभाळणारीला ठाऊक असायलाच हवं.

५. एका बाईने किती मुलं सांभाळलेली चालतात?

इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या एका व्यक्तीकडे ८ वर्षांखालची जास्तीत जास्त ६ मुलं असू शकतात. त्यांतली ५ वर्षांखालची साधारणपणे ३ आणि १ वर्षाखालचं एक. तिची स्वतःची मुलंही यात मोजली जातात. हा आकडा सगळीकडचा कायदा नाही, पण मोजपट्टी म्हणून चांगला आहे.

‘किती मुलं आहेत?’ एवढंच विचारू नका. ‘सगळ्यात जास्त गर्दी किती वाजता असते?’ हेही विचारा. सकाळी तीन असलेली मुलं शाळा सुटल्यावर सात होतात आणि नेमकी तीच तान्ह्याच्या दुधाची वेळ असते. आणखी एक हिशोब करून बघा. घरात धूर झाला तर तिला सगळ्यांना घेऊन खाली उतरायचं आहे, आणि हात दोनच आहेत. चालता न येणारी तीन बाळं असतील तर एक मागे राहणार.

६. घर पाहायला जाताना नेमकं काय बघायचं?

एकदा ठरवून जा आणि एकदा न सांगता, शक्यतो दुपारी बाराच्या सुमारास. तेव्हा मुलं भुकेली असतात, मावशी दमलेल्या असतात आणि घर नेहमीसारखं असतं.

बाथरूमपासून सुरुवात करा. भरलेली बादली दिसली तर दाराला वरच्या बाजूला कडी आहे का ते पाहा. तान्हं मूल ५ सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. बादलीत डोकावताना ते डोक्याच्या वजनाने आत जातं आणि त्याला स्वतःला बाहेर काढता येत नाही. आवाजही होत नाही. गॅलरीच्या गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, आणि कठड्याजवळ खुर्ची, कुंडी, जुनं स्टूल असं चढण्याजोगं काही नको. गरम चहाचा कप कुठे ठेवला जातो ते बघा. टेबलक्लॉथची लोंबती किनार मुलाच्या हाताला लागत असेल तर ती काढायला सांगा.

जमिनीवर बसा आणि रांगणाऱ्या मुलाच्या उंचीवरून खोली पाहा. उभ्याने न दिसणाऱ्या गोष्टी तिथून दिसतात: सोफ्याखालची गोळी, प्लगची वायर, नाणं. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जाईल ती प्रत्येक वस्तू ३ वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. रिमोट आणि खेळण्यांतले बटणासारखे चपटे सेल सगळ्यात वाईट. गिळले गेले तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. तशी शंका आली तर वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यायचं असतं. खाण्याचंही विचारा: द्राक्षं उभी चार भागांत कापूनच द्यायची, अख्खे दाणे ५ वर्षांपर्यंत नाहीत, मध १ वर्षापर्यंत अजिबात नाही.

शेवटी डायपर बदलताना बघा. बदलून झाल्यावर साबणाने हात धुतले जातात की नुसते पुसले जातात? हगवणीची साथ एका मुलाकडून सगळ्यांकडे जाते ती याच हातांनी. मुलांशी त्या काय बोलतात तेही कान देऊन ऐका. डायपर बदलताना बाळाशी बोलणारी बाई बहुतेक वेळा बाकी वेळीही बोलते.

७. घरातल्या इतर माणसांबद्दल कसं विचारू? त्यांना अपमान वाटेल.

सरळ आणि सगळ्यांना विचारतो तसं विचारा: ‘दिवसा घरी कोण कोण असतं? मुलांना कोण कोण हाताळतं?’ पुढे स्पष्ट सांगा की शी-शू, अंघोळ, कपडे बदलणं हे फक्त मावशींनीच करायचं, आणि मूल कोणाबरोबरही बंद खोलीत एकटं राहणार नाही. पाहुणे मुक्कामाला येणार असतील तर आधी कळवायचं. हे ऐकून जी चिडते तिच्याकडे मूल ठेवू नका. मूल कोण न्यायला येणार त्यांची नावं आणि फोटो तिला देऊन ठेवा. यादीबाहेरचं कोणी आलं, अगदी सख्खा काका असला, तरी तुमच्या फोनशिवाय मूल द्यायचं नाही.

८. ओळखीतल्या बाईशी लेखी काय करायचं? विश्वास नाही असं वाटेल ना.

एक पान पुरे. दोघींच्या सह्या आणि दोघींकडे एकेक प्रत. त्यात एवढं हवं: आणण्या-नेण्याची वेळ, फी आणि ती देण्याची तारीख, उशीर झाला तर दर अर्ध्या तासाचे किती, मूल आलं नाही त्या दिवसांची फी कापायची की नाही, तिच्या वर्षभराच्या सुट्ट्या किती आणि त्या किती दिवस आधी सांगायच्या, आजारपणाचे नियम (प्रश्न १३) आणि सोडायचं झालं तर किती आठवड्यांची सूचना.

फीचा वाद बहुधा सुट्ट्यांवरूनच होतो. तुम्ही पंधरा दिवस बाहेर गेलात तरी ती तुमची जागा दुसऱ्या मुलाला देत नाही. त्या दिवसांची फी, निदान अर्धी, तिला मिळायला हवी असं आमचं मत आहे. तुमचा पगार सुट्टीत चालू राहतो, तसाच तिचाही राहावा. उशिराचे पैसेही न मागता द्या. तिचं संध्याकाळचं घर तुमच्या ट्रॅफिकमुळे खोळंबलेलं असतं.

९. बाळाला रुळवायचं कसं आणि किती दिवस?

कामावर रुजू व्हायच्या तीन आठवडे आधी सुरू करा. रुजू होण्याच्याच दिवशी पहिल्यांदा सोडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. पहिले दोन दिवस तुम्ही तासभर तिथे बसा, पण खेळवू द्या मावशींनाच. तिसऱ्या दिवशी सांगून वीस मिनिटं बाहेर जा. चौथ्या-पाचव्या दिवशी एक तास. मग जेवणापर्यंत. मग दुपारची झोप होईपर्यंत, आणि उठल्यावर तुम्ही समोर. झोपेची पायरी सगळ्यात अवघड असते. अनोळखी जागी डोळे मिटणं म्हणजे मुलाने पूर्ण विश्वास टाकणं. तिथे घाई केली तर ते महिनाभर झोपत नाही आणि संध्याकाळी कातावलेलं मूल तुमच्या हाती येतं. तुमचा वापरलेला, न धुतलेला ओढणीचा तुकडा दिवसा हातात धरायला दिला तर त्याच्या वासाने बरीच मुलं निवतात (झोपेच्या जागेबद्दल प्रश्न १२ पाहा).

एखादी पायरी बिनसली तर एक पायरी मागे या.

१०. दारात रडतं. लक्ष नसताना गुपचूप निघून जाऊ का?

नको. आई कधीही नाहीशी होते हे एकदा कळलं की मूल घरीसुद्धा पदर सोडत नाही. रोज एकच वाक्य, एक पापा, ‘जेवण, झोप, खेळ आणि मग मी येते’ आणि निघायचं. पुन्हा वळून घ्यायला आलात तर रडण्याने आई परत येते हे ते शिकतं. दहा मिनिटांनी मावशींना फोन करून विचारा. बरीच मुलं तेवढ्यात शांत झालेली असतात. तीन-चार आठवड्यांनंतरही दिवसभर रडत असेल, खाणं सोडलं असेल किंवा गप्प-गप्प झालं असेल, तर प्रश्न १८ आणि २० वाचा.

११. अंगावरचं दूध किती आणि कसं पाठवू?

१ ते ६ महिन्यांच्या बाळाला तुम्ही नसाल त्या दर तासाला साधारण ३० ते ४५ मिली धरा. नऊ तासांचे झाले २७० ते ४०० मिली. ते ६० ते ९० मिलीच्या छोट्या बाटल्यांत भरा. मोठ्या बाटलीतलं उरलेलं फेकावं लागतं तेव्हा जीव तुटतो. प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख, वेळ.

ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या हवेत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस टिकतं. फ्रीझरमधलं वितळवून फ्रिजमध्ये ठेवलं तर २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. नेताना बर्फाची पाकिटं घातलेली पिशवी वापरा, आणि मावशींच्या फ्रिजमध्ये दूध दारात न ठेवता मागच्या बाजूला ठेवायला सांगा. गरम करायचं तर कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली धरून. मायक्रोवेव्हमध्ये दूध असमान तापतं आणि तोंड पोळतं. बाळाने तोंड लावलेलं दूध पाजून झाल्यापासून दोन तासांत वापरलं नाही तर टाकून द्यायचं. फ्रिजमधल्या दुधावर साय वर येते, ते नासलेलं नसतं. हे मावशींना आधीच सांगा, नाहीतर चांगलं दूध मोरीत जातं.

१२. झोपवण्याबद्दल काही नियम सांगावा का?

एक वर्षापर्यंत दरवेळी पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर. उशी, गोधडी, मऊ खेळणी, ओढणी जवळ नको. पाठीवर झोपायची सवय असलेल्या बाळाला दुसरीकडे अचानक पालथं झोपवलं तर झोपेत दगावण्याचा धोका बराच वाढतो. जुन्या पिढीतल्या अनुभवी बायका ‘पालथं गाढ झोपतं’ म्हणून तसं करतात. म्हणून हा नियम बोलून थांबू नका, लेखी द्या.

१३. आजारी मूल कधी पाठवायचं नाही?

ताप ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त असेल तर घरी. औषध न देता ताप उतरून २४ तास झाले की पाठवा. उलट्या-जुलाबात शेवटच्या वेळेपासून ४८ तास थांबा. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवरात पुरळ आल्यापासून ४ दिवस. साध्या सर्दीला, उवांना घरी ठेवायची गरज नाही. पहिल्या वर्षात सात-आठ वेळा सर्दी-खोकला होणं नेहमीचं आहे.

सकाळी तापाचं औषध पाजून मूल सोडायचं, ही अडचणीतल्या आयांची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. चार तासांनी औषध उतरतं आणि मीटिंगमध्ये असताना फोन येतो. तोवर बाकीच्या मुलांनाही लागण झालेली असते. शिवाय मावशी दुसरा डोस देऊन बसल्या तर मात्रा जास्त होते.

१४. औषध द्यायला सांगितलं तर चालेल का?

चालेल, पण चिठ्ठीवर: नाव, मिली, वेळ, शेवटचा डोस कधी दिला. पॅरासिटामॉलच्या एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०, आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलीमध्येच १००. ‘अर्धा चमचा द्या’ असं सांगितलं आणि घरातली दुसरी बाटली उघडली गेली तर मात्रा दुप्पट होते. म्हणून तुमचीच बाटली आणि तिच्यासोबतची मापाची पिचकारी पाठवा. मात्रा वजनावर ठरते. दोन डोसांत निदान ४ तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही.

१५. टीव्ही, मोबाईल लावतात. किती चालतं?

जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांखाली अजिबात नको म्हणते, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास. टीव्ही कधी लागतो ते विचारा. बहुधा मावशी स्वयंपाक करतात तेव्हाच. तेवढी वीस-तीस मिनिटं डबे, झाकणं, मोठे ठोकळे अशी टोपली खास त्या वेळेसाठी बाहेर काढायला सुचवा. नुसतं ‘टीव्ही बंद करा’ म्हटलं तर तो तुम्ही दाराबाहेर पडेपर्यंतच बंद राहतो.

१६. कॅमेरा बसवायला सांगू का?

ते त्यांचं राहतं घर आहे आणि चित्रात इतरांची मुलंही येतात, म्हणून सगळ्यांच्या संमतीशिवाय नको. चोरून तर नाहीच. बाळाच्या पिशवीत रेकॉर्डर दडवला आणि तो सापडला, तर उरलेला विश्वासही जातो. कधीही न सांगता यायची मुभा पानावर लिहून घेणं (प्रश्न ८) आम्हाला जास्त उपयोगाचं वाटतं.

१७. मावशीच आजारी पडल्या किंवा अचानक गावी गेल्या तर?

हे होणारच, असं धरून चाला. तीन पायऱ्या आधीच ठरवा: तुम्हा नवरा-बायकोपैकी कोण कोणत्या दिवशी रजा घेणार, दुसरं कोणतं घर एखाद-दुसऱ्या दिवसासाठी घेईल (बाळाला तिथे आधी दोनदा नेऊन आणा), आणि सकाळी किती वाजेपर्यंत मावशींनी कळवायचं. रजा दरवेळी आईनेच घ्यायची असं घरात गृहीत धरलेलं असेल तर ते आजच बोलून सोडवा. फोनवर पहिलं नाव बाबांचं ठेवलं तर अर्धे फोन तिकडे जातात.

१८. अंगावर ओरखडा, चावा किंवा वळ दिसला. संशय घेऊ का?

चावणं दीड-दोन वर्षांच्या मुलांत सर्रास होतं. गुडघा, नडगी, कपाळ इथल्या खुणा पडण्याच्या. पाठ, कुल्ले, कान, मान, दंडाची आतली बाजू इथले वळ, बोटांचे ठसे किंवा अजून स्वतःहून सरकता न येणाऱ्या बाळाच्या अंगावरचा कोणताही काळानिळा डाग गंभीर धरा. तारखेसह फोटो काढा, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि सगळं स्पष्ट होईपर्यंत मूल पाठवू नका. मुलाला ‘मावशीने मारलं का?’ असं विचारू नका, लहान मुलं हो म्हणून टाकतात. ‘इथे काय झालं?’ एवढंच विचारा. साध्या पडझडीतही पाहायचं ते हे की मावशींनी स्वतःहून सांगितलं की तुम्ही विचारल्यावर.

१९. नात्यातल्या बाई सांभाळतात. पैसे घेत नाहीत, म्हणून काही बोलताही येत नाही.

पैसे द्या. घेत नसतील तर दरमहा ठरलेली रक्कम त्यांच्या नावाने बाजूला टाका आणि ते त्यांना सांगा. उपकाराखाली सूचना करता येत नाहीत. निदान झोप, औषध आणि घरातली इतर माणसं (प्रश्न १२, १४, ७) या तीन गोष्टी नात्यातही ठणकावून सांगायच्या.

२०. पाळणाघर बदलायचं ठरवलं. कसं सोडू?

धोका असेल तर त्याच दिवशी, सूचनेच्या काळाची फी देऊन. तसं नसेल तर पानावर लिहिलेली मुदत पाळा आणि नवीन ठिकाणी प्रश्न ९ मधल्या पायऱ्या त्याच काळात उरका. शेवटच्या दिवशी मुलाला घेऊन जा, मावशींचा निरोप घेऊ द्या, जमल्यास त्यांच्यासोबत एक फोटो काढा. मूल काही दिवस त्यांचं नाव काढेल. विषय बदलू नका, ‘हो, मावशींची आठवण येते ना’ म्हणा. महिन्याभराने एकदा त्यांच्याकडे अर्धा तास जाऊन आलात तरी चालतं.